तियाउच्या अलीकडे औषधांची खिडकी

मिझोरममधल्या झोखॉथरहून औषधांची यादी आली ती फोटोच्या रूपात. शाळेच्या वहीचं पान, निळी शाई, तारखेखाली मारलेली रेघ. सर्वांत वर फेनिटॉइन, म्हणजे फिट्सचं औषध. त्याखाली ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, थायरॉक्सिन, दम्याचे पंप, खरजेचं मलम, जंताच्या गोळ्या, लहान मुलांचं तापाचं सिरप. बँडेज आणि कापूस अगदी तळाला आणि त्यापुढे कंसात ‘जमल्यास’.

औषधं जमवणाऱ्या आमच्या गटातले एकदोघे चक्रावले. नदीपलीकडे म्यानमारमध्ये लढाई चालू आणि तिथून पळून आलेल्या ह्या लोकांना बीपीच्या गोळ्या कशाला हव्यात? माझी सगळी नोकरी इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीमागे गेलेली, त्यामुळे मला यादी लगेच पटली. जखमी माणूस सगळ्यांना दिसतो. त्याला उचलून गाडीत घालतात, पुढच्या इस्पितळात पोचवतात. घरदार सोडून पळताना जिची बीपीची पट्टी उशाशी राहून गेली, ती बाई कुणाच्या नजरेस येत नाही. ती तांदळाच्या रांगेत उभी असते, डोकं दुखतंय म्हणते आणि एक दिवस तिची एक बाजू लुळी पडते.

यादी पाठवणारी एक मिझो नर्स. आमची ओळख वाशीची. मिझोरममध्ये कर्करोगाचं प्रमाण देशात फार वरचं आहे, आणि उपचारांसाठी मुंबईला येणारी अनेक मिझो कुटुंबं वाशीच्या मिझोरम हाउसमध्ये उतरतात. निवृत्तीनंतर मी तिथून जवळच एका ओळखीच्या मेडिकलमध्ये बसत असे. ही वडिलांची औषधं न्यायला यायची, प्रत्येक गोळीचं काम विचारून घ्यायची, वहीत टिपून ठेवायची. वडील गेल्यावर ती परत चंफाईला गेली, पण अधूनमधून निरोप यायचे. 2023 च्या पावसाळ्यात तिने विचारलं, तुम्ही स्वतःच येता का? औषधं येतात, पण लावून द्यायला माणूस नाही.

झोखॉथर मिझोरमच्या चंफाई जिल्ह्यात, म्यानमारच्या ऐन हद्दीवर. हद्द म्हणजे तियाउ नदी. नदीवर पूल, पुलापलीकडे खॉमॉई आणि त्याला लागून रिहखॉदर. अडीच-तीन हजार वस्तीचं गाव, पण मिझोरमच्या 510 किलोमीटरच्या म्यानमार सीमेवरचा सर्वांत वर्दळीचा नाका. पलीकडे थोड्याच अंतरावर रिह दिल नावाचं तळं आहे. मेलेल्यांचे आत्मे परलोकी जाताना तिथून जातात अशी जुनी मिझो समजूत. मिझोरममधलं सर्वांत मोठं तळं म्यानमारमध्ये आहे, असं इथले लोक हसत सांगतात.

1 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली. मार्चमध्ये नदी ओलांडून पहिले लोक आले, त्यांत निदर्शकांवर गोळ्या झाडायला नकार देऊन पळालेले पोलीसही होते. त्याच महिन्यात केंद्रीय गृहखात्याने सीमेवरच्या राज्यांना कळवलं की येणाऱ्यांना अडवा, कुणाला निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्यांना नाही. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सांगितलं की मिझोरमला हे मान्य होण्यासारखं नाही. 1951 च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, देशात त्यासाठी वेगळा कायदाही नाही. म्हणजे कागदावर ही माणसं नेमकी कोण, हे कुणालाच सांगता येईना. ती पत्रापत्री चालू असताना गावाने चर्चचे हॉल आणि शाळेच्या खोल्या उघडून दिल्या. आलेल्यांतल्या बहुतेकांचा इथे कुणी ना कुणी होताच: मावशी, साडू, आजोळचं घर. नदीच्या दोन्ही अंगांना एकाच वंशाची, एकमेकांची बोली समजणारी माणसं. देश तेवढे दोन.

मला मात्र माझ्याच देशातल्या या गावी जायला परवाना काढावा लागला. 1873 च्या इंग्रजी कायद्यापासून चालत आलेलं इनर लाइन परमिट. फोटो, ओळखपत्र, कुठे जाणार, कुणाकडे उतरणार. थोड्या दिवसांचं असेल तर चटकन मिळतं. जास्त मुक्काम असेल तर तिथला कुणीतरी जबाबदारी घेणारा लागतो. माझी जबाबदारी नर्सबाईंनी घेतली. गंमत अशी की तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना सोळा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या माणसांना व्हिसाशिवाय ये-जा करता येत होती. पनवेलची मी परकी, आणि रिहखॉदरचा भाजीवाला घरचा. तिथे राहिल्यावर हे मला अगदी योग्य वाटायला लागलं.

औषधं जमवायला फार कष्ट पडले नाहीत, नाकारायला पडले. लोक चांगल्या मनाने काय काय आणून देतात! अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या, मुदत उलटलेली टॉनिकं, कुणाच्या स्वर्गवासी सासऱ्यांची हृदयाची औषधं. सर्दीच्या गोळ्या मी सरसकट बाहेर काढल्या. स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या मिझोरममार्गे चोरून म्यानमारला जातात, तिथे त्यातून मेथॅम्फेटामिन हा नशेचा पदार्थ बनतो आणि तो पुन्हा याच वाटेने इकडे येतो. ज्या गावाचं नाव अशा जप्तीच्या बातम्यांत कायम असतं, तिथे सर्दीच्या गोळ्यांचं खोकं घेऊन उतरणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमॅडॉलही नशेसाठी वापरतात म्हणून बाद. उरलं त्याच्या प्रत्येक खोक्यावर नाव, बॅच नंबर, मुदत आणि नग लिहिले आणि तीच यादी बिलांसकट तीन प्रतींत केली. पुढे नाक्यांवर जवानांनी खोकी उघडली, यादीशी ताडून पाहिली आणि पुन्हा बांधूनही दिली. एकाने स्वतःच्या ॲसिडिटीचं काय करू म्हणून विचारलं. त्याला म्हटलं, रात्रीचं जागरण सोडा. तो म्हणाला, ड्यूटीच रात्रीची आहे.

लेंगपुईला विमान, तिथून ऐझॉल आणि ऐझॉलहून चंफाईपर्यंत सगळा दिवस सुमोत. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की कंबर असणाऱ्यांनी मधल्या रांगेत बसावं. चंफाईला डोंगरांच्या मधोमध भाताचं सपाट खोरं लागतं, पिकं कापणीला आलेली. तिथून झोखॉथर तासा-दीड तासाच्या उतारावर.

बसायला जागा मिळाली ती एका चर्चच्या हॉलमागची खोली. एक बाक, दोन लाकडी कपाटं, एक खिडकी. गावात सरकारी दवाखाना होता, तिथले कर्मचारी आधीच गावाच्या आणि आलेल्यांच्या कामाने वाकलेले. आमचं ठरलं असं: आजार ओळखणं आणि उपचार ठरवणं त्यांचं, कायम चालणाऱ्या औषधांचा पुरवठा आणि हिशोब आमच्या खिडकीचा. मदतीला एक मुलगी मिळाली, म्यानमारच्या कले शहरात नर्सिंग शिकत होती. लष्कर आल्यावर शिक्षण सोडलं, घर सोडलं आणि आता आईबरोबर छावणीत होती. हात इतका चोख की माझ्या नोकरीत मला असे सहकारी फार थोडे मिळाले. मी हिंदी-इंग्रजीत विचारायचं, नर्सबाई मिझोत विचारणार, समोरचं माणूस पलीकडच्या फालम भागातलं असेल तर ही मुलगी त्यांच्या बोलीत, आणि उत्तर त्याच वाटेने परत. “कधीपासून चक्कर येते?” एवढ्याला पाच मिनिटं जायची, मधे तिघींचं हसणंही व्हायचं.

पहिली अडचण नावांची आली. मिझो माणसाला आडनाव नसतं. पुरुषाचं नाव बहुधा ‘आ’ने संपतं, बाईचं ‘ई’ने, आणि अर्ध्या गावाची सुरुवात ‘लाल’ने. एकाच नावाच्या चार बाया, चौघींनाही बीपी. मी पनवेलहून छापून नेलेल्या रजिस्टरात आडनाव, पत्ता, राष्ट्रीयत्व असे रकाने होते. मुलीने ते शांतपणे खोडले आणि तिथे लिहिलं: कुणाची आई, मूळ गाव, सध्या कुणाच्या घरात किंवा कोणत्या हॉलमध्ये. ह्या तीन गोष्टींत माणूस पक्का सापडतो. तांदूळ वाटणाऱ्या समितीची यादीही अशीच होती. यंग मिझो असोसिएशन, म्हणजे सगळे वायएमए म्हणतात ती 1935 सालची संघटना, तिची पोरं घरोघर फिरून ही यादी रोज संध्याकाळी दुरुस्त करायची. कुणी पलीकडे शेत बघायला गेलं, कुणी ऐझॉलला कामाला गेलं, कुणाला बाळ झालं. मला कुणी गोळी न्यायला आलं नाही की मी त्या पोरांना विचारायची. तासाभरात उत्तर. गावात कर्णे लावलेले आहेत, त्यावरून संध्याकाळी सूचना होतात. थोड्याच दिवसांत त्यात आमच्याही नावांचा पुकारा होऊ लागला की अमक्याच्या आईने उद्या गोळ्या घेऊन जाव्यात. खाजगीपणाचं काय, असं माझ्या मनात आलं. विचारल्यावर नर्सबाई म्हणाल्या, तिला बीपी आहे हे गावाला तुमच्या आधीपासून माहीत आहे.

दुसरी अडचण पुड्यांची. म्यानमारमध्ये छोट्या दुकानांत चार-पाच सुट्या गोळ्या एकत्र बांधून ‘अंगदुखीची पुडी’, ‘दम्याची पुडी’ अशी विकतात. वर नाव नाही, काही नाही. एक म्हातारे गृहस्थ सांधेदुखीसाठी अशी पुडी कित्येक वर्षं घेत होते. ती बंद झाल्यापासून अंगात त्राण नाही, उलट्या, उभं राहिलं की अंधारी. चेहरा गोल सुजलेला, हाताची कातडी कागदासारखी पातळ, जागोजाग निळे डाग. पुडीत डेक्सामेथासोन असणार हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. इतकी वर्षं घेतलेलं स्टेरॉइड एकदम तुटलं की माणसाच्या जिवावर बेततं. चंफाईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांना स्टेरॉइड पुन्हा सुरू केलं आणि आठवड्या-आठवड्याने उतरवण्याचा तक्ता दिला. बरं वाटू लागल्यावर ते मला रोज येऊन सांगायचे की तुमची पुडी आमच्यापेक्षा चांगली आहे. मी काय बोलणार!

तिसरी गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसांना सांगण्यासारखी. आपण पाकिटावर डोळे मिटून लिहितो, दिवसातून तीन वेळा जेवणानंतर. इथे मुख्य जेवणं दोन: सकाळी नऊच्या सुमाराला आणि संध्याकाळी पाचला. मध्ये चहा, कधी उकडलेलं काहीतरी. तिसरी गोळी काही लोक पहाटे रिकाम्या पोटी घ्यायचे, काही दोन गोळ्या एकदम. मग शक्य तिथे डॉक्टरांना विचारून दोन वेळांची औषधं निवडली, आणि मुलीने पाकिटांवर सूर्य-चंद्र काढण्याऐवजी भाताचा वाडगा काढला: एक वाडगा उगवत्या सूर्याजवळ, एक मावळत्या. इन्सुलिनचं त्यामानाने सोपं गेलं. उघडलेली कुपी थंड जागी चार आठवडे टिकते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथली हवा साथ देते. एका वेळी एकच कुपी द्यायची, बाकीच्या चंफाईच्या फ्रीजमध्ये.

आणि फेनिटॉइन यादीत वर का, तेही कळलं. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा. पलीकडे असताना त्याची औषधं व्यवस्थित चालू होती. इकडे येताना संपली. फिट्सचं औषध एकाएकी थांबलं की फिट्स आधीपेक्षा जोरात येतात, थांबता थांबत नाहीत. मी यायच्या आधी त्याला हॉलमध्ये सगळ्यांदेखत लागोपाठ फिट्स येऊन गेल्या होत्या आणि चंफाईला पोचेपर्यंत गाडीत नर्सबाई त्याला कुशीवर धरून बसल्या होत्या. तो वाचला. यादी तिने त्या रात्री परत येऊन लिहिली होती.

12 नोव्हेंबर 2023. रविवार, आणि आपल्याकडे लक्ष्मीपूजन. रविवारी झोखॉथरमध्ये दुकान उघडत नाही, गाडी निघत नाही, सगळं गाव चर्चमध्ये. विधानसभेची मतमोजणी रविवारी आली म्हणून तिथल्या लोकांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली, तेव्हा आयोगाने ती 3 डिसेंबरवरून 4 डिसेंबरवर नेली. तर लढाईला रविवार वर्ज्य असेल असं मला कुठेतरी वाटत असावं. संध्याकाळी पलीकडून गोळीबार सुरू झाला. पहिल्यांदा तुरळक, मग सलग. लष्कराविरुद्ध लढणाऱ्या, म्यानमारच्या चिन राज्यातल्या गटांनी रिहखॉदर आणि खॉमॉईच्या लष्करी ठाण्यांवर हल्ला केला होता. आम्ही खोलीतले दिवे मालवले आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो. मुलाचा फोन आला. मागे पनवेलचे फटाके. तो म्हणाला, आई, तिकडेही जोरात चाललंय की! मी हो म्हटलं आणि फराळाची चौकशी केली.

रात्रीतून लोक यायला लागले. पुलावरून, आणि पूल जवळ नसेल तिथे नदीतून. नोव्हेंबरात पाणी उतरलेलं असतं. सोमवारी ठाणी पडली, मग लष्कराची विमानं आली आणि पलीकडे बॉम्ब पडले. खिडकीच्या काचा खणखणल्या. पाचेक हजार माणसं इकडे आली. गावात आधीच गावाच्या दुपटीएवढे लोक आसऱ्याला होते. ठाण्यांमधले चाळीसच्या वर म्यानमारी सैनिकही नदी ओलांडून आले आणि मिझोरम पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांना नंतर मणिपूरच्या मोरेमार्गे परत पाठवलं. ज्यांच्यापासून पळून लोक इथे आले, तेच शेवटी त्याच नदीतून त्याच गावात. त्यांच्याकडे बघून एक म्हातारी काहीतरी पुटपुटली. मी मुलीला विचारलं तर म्हणाली, पोरं उपाशी दिसतायत म्हणते.

जखमींना गाड्यांनी चंफाईला हलवत होते, तिकडे माझं काही काम नव्हतं. माझं काम हॉलमध्ये: मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं, तापाचं औषध, आणि वही घेऊन माणसामाणसाकडे जाऊन विचारणं, रोजची गोळी कुठली? घेतली का आज? अशा वेळी लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. गोळी कसली, जीव वाचला म्हणतात. एक पन्नाशीची बाई मात्र स्वतःहून पुढे आली. कमरेला गुंडाळलेल्या पुआनच्या घडीतून तिने प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत रिकाम्या पट्ट्या. गोळी एकही नाही, नुसता फॉइलचा चुरगाळलेला गठ्ठा, पण प्रत्येक पट्टीचं नाव असलेलं टोक तिने जपून अखंड ठेवलं होतं. औषधं महिन्यापूर्वीच संपली होती, लष्कराने रस्ते अडवल्यामुळे दुकानात मिळत नव्हती. पुढेमागे कुणी वाचणारं भेटेल म्हणून तिने ते जपलेलं. घरातून निघताना काय घेतलंत असं विचारलं तर म्हणाली, नातू आणि ही पिशवी. मी टोकं उलटी करून वाचली. ॲम्लोडिपिन, ॲटेनोलॉल, आणि खाली बारीक अक्षरांत मेड इन इंडिया. म्यानमारच्या दुकानांत भारतीय औषधंच जास्त असतात. हिच्या गोळ्या गोव्याच्या कारखान्यात तयार होऊन, सगळा वळसा घालून तिच्यापर्यंत पोचल्या होत्या. तिचं बीपी मोजलं तेव्हा आकडा बघून मी मुलीकडे पाहिलं आणि मुलीने न बोलता खुर्ची पुढे केली. ॲम्लोडिपिन तिथल्या तिथे दिलं; दुसरीचं डॉक्टरांना विचारून, कारण एवढा खंड पडल्यावर जुन्या डोसने एकदम सुरुवात करायची नसते.

पुढचे काही दिवस गावातल्या प्रत्येक घरात चुलीवर मोठी पातेली होती. मी ज्यांच्याकडे उतरले होते, त्यांना मी ‘पू’ म्हणायची, म्हणजे आपल्याकडचं आजोबा किंवा साहेब, दोन्ही. त्यांच्या घरात तेव्हा माझ्यासकट एकोणीस माणसं झोपत होती. एका रात्री मी म्हटलं, किती दिवस असं पुरवणार? ते म्हणाले, 1966 मध्ये मी पलीकडे गेलो होतो. त्या वर्षी मिझो बंड सुरू झालं आणि 5 मार्चला आपल्या हवाई दलाने ऐझॉलवर बॉम्ब टाकले. नंतर सैन्याने गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला एकत्र बसवली. तेव्हा हे लहान होते, आईच्या पाठीवर बांधून तियाउ ओलांडून गेले, आणि पलीकडच्या एका घराने त्यांना दोन हंगाम जेवू घातलं. ते घर कुठलं, हे त्यांना अजून सांगता येतं. हे सगळं मी साठीला टेकल्यावर, एका अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा ऐकलं. आमच्या शाळेच्या पुस्तकात मिझोरम म्हणजे राजधानी ऐझॉल, एवढंच होतं.

पण सगळंच गोडीगुलाबीचं आहे असं कुणी समजू नये. पाणी हा पहिला तंटा. झऱ्याच्या पाण्याला रांग लागते आणि रांगेत नातं आठवत नाही. मजुरीचा दर पडला म्हणून गावातले तरुण कुरकुरत. आलेल्यांपैकी काही पोरं नशेच्या धंद्यात सापडली की त्याचा राग सगळ्यांवर निघे. मला सांगायचे ते दबक्या आवाजात, बाहेरच्या बाईसमोर नको म्हणून. माझं मत विचाराल तर ही कुरकुर अगदी रास्त होती. एवढीएवढी गावं स्वतःच्या धान्यातून, चर्चच्या वर्गणीतून वर्षानुवर्षं हे ओझं उचलतायत. त्यांनी ते हसतमुखाने उचलावं, ही आपली बाहेरच्यांची हौस. राज्य सरकारने 2021 मध्येच आलेल्या मुलांना सरकारी शाळांत घ्यायचे आदेश काढले होते, ते मात्र खरंच पाळले गेले. आमच्या खिडकीसमोरून सकाळी जी पोरं जायची, त्यांतली कुठली नदीच्या कुठल्या बाजूची, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

निवडणुकीत सत्ता बदलली, लालदुहोमा मुख्यमंत्री झाले. आसऱ्याचं धोरण तेच राहिलं. थंडी वाढली तशी खरजेची साथ आली. एका पांघरुणात चौघं झोपली की ती येणारच. परमेथ्रिनचं मलम एकट्याला देऊन उपयोग नसतो, अख्ख्या हॉलने एकाच रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत लावायचं आणि सकाळी कपडे-पांघरुणं उकळायची. वायएमएच्या पोरांनी कर्ण्यावरून पुकारा केला, मोठे पत्र्याचे डबे चुलाण्यावर चढवले आणि दोनशेच्या वर माणसांची अंघोळ आणि धुणं एका दिवसात उरकलं. आमच्या इस्पितळात एका वॉर्डाची खरूज आटोक्यात आणायला किती बैठका झाल्या होत्या, ते आठवून मला तिथेच हसू फुटलं.

निघायच्या आधी वही मुलीच्या हाती दिली. तोवर ती साठा मोजणं, मुदतीप्रमाणे मांडणी, पुढची मागणी काढणं, सगळं एकटी करत होती. मी नुसती बाकावर बसून चहा पीत होते. आता मागणी तीच पाठवते, नर्सबाई तपासतात, मी इथून खरेदी करते. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने मुक्त ये-जा बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्या वर्षअखेरीस सोळाऐवजी दहा किलोमीटर आणि पासाची पद्धत आली. पास काढावा लागतो म्हणून पलीकडच्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या आता नातेवाईक नेतात, एका वेळी दोन महिन्यांच्या. जुलै 2025 मध्ये पलीकडे लष्कराच्या विरोधात असलेल्याच दोन चिन गटांत जुंपली आणि पुन्हा तीन हजारांहून अधिक लोक झोखॉथर आणि सैखुमफाईला आले. त्याच वर्षी आलेल्यांची बोटांच्या ठशांसकट नोंदणी सुरू झाली. तेव्हा राज्यात तीस हजारांवर म्यानमारी माणसं होती. मुलीने फोन करून सांगितलं, तिच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना होता. मी विचारलं, काय लिहिलंस? म्हणाली, साहेबांनी रेघ मारली.

हे वाचून काही जण औषधं पाठवायचं म्हणतील, म्हणून सांगते. घरातल्या उरलेल्या पट्ट्या पाठवू नका. टॉनिक, प्रोटीन पावडर, सर्दीच्या गोळ्या नकोत. बीपी, मधुमेह, थायरॉइड आणि फिट्सची साधी जेनेरिक औषधं, एकाच कंपनीची, एकाच ताकदीची, निदान वर्षभर मुदत असलेली घ्या, कारण पट्टीचा रंग बदलला की म्हातारी माणसं ती घेत नाहीत. आधी यादी मागवा, मग खरेदी करा. बिल आणि बॅच नंबर खोक्याच्या आत एक आणि बाहेर एक. फिट्सच्या गोळ्या पावसाच्या आधी पोचल्या पाहिजेत. जून ते सप्टेंबर दरडी कोसळून रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. आणि पार्सल शनिवारी चंफाईत अडकेल अशा बेताने टाकू नका, रविवारी ते उतरवून घ्यायला कुणीही येणार नाही.